मी आलो, मी आले

माझी आजी ‘मी आलो’ म्हणत असे. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात सगळ्याच बायका तसे म्हणत. शेतातून परतताना उंबऱ्यातून ‘आलो गं’, चुलीपुढून ‘थांब, करतो’, आणि माहेरी निघताना डोळ्याला पदर लावून ‘जातो मी’. यात काही वावगे आहे हे मला शाळेत गेल्यावर पहिल्याच वर्षी कळले. आमच्या बाईंनी मला उभे केले आणि ‘मी आले’ असे दहा वेळा म्हणायला लावले. वर्ग हसला. वर्गातल्या बहुतेक मुलींच्या आया घरी ‘आलो’च म्हणत होत्या, तरीही वर्ग हसला. त्या दिवशी घरी जाऊन मी आजीला दुरुस्त करायला लागले. पुढे एकतीस वर्षे मी स्वतः मराठी शिकवले, आणि त्या काळात किती मुलींच्या वहीत लाल शाईने ‘आलो’चे ‘आले’ केले त्याची गणतीच नाही.

हे सगळे आठवायला एक अमेरिकन कवयित्री कारणीभूत झाली. निवृत्तीनंतर आम्ही सात-आठ जणी शनिवारी दुपारी बेळगावच्या शहापुरात एकीच्या माडीवर वाचायला जमतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही ॲड्रिएन रिच वाचायला घेतली, आणि इंग्रजी सर्वांनाच सारखे झेपत नसल्यामुळे काही कवितांचा मराठी कच्चा खर्डा करण्याचे काम माझ्याकडे आले. पहिलीच कविता घेतली ती तिची सर्वांत गाजलेली, ‘डायव्हिंग इन्टू द रेक’. एक पाणबुडा, किंवा पाणबुडी, बुडालेल्या जहाजाचा शोध घ्यायला समुद्रात उतरते. (पाहा, इथेच घोटाळा झाला, वाक्य पुरे करायचे तर मला ‘उतरते’ किंवा ‘उतरतो’ यांतले एक लिहावेच लागते.) इंग्रजीतला ‘मी’ कविताभर बाई आहे की पुरुष ते क्रियापदावरून कळत नाही, कारण त्या भाषेत क्रियापदाला लिंगच नसते. मराठीत मात्र ‘मी’ने पहिले पाऊल टाकले रे टाकले की तो तरी होतो किंवा ती तरी होते. सात ओळींत मी तीनदा अडले, आणि ही अडचण नुसती व्याकरणाची नाही हे तिचे चरित्र वाचताना हळूहळू ध्यानात आले.

ॲड्रिएन रिच १६ मे १९२९ रोजी बाल्टिमोरमध्ये जन्मली. वडील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विकृतिशास्त्राचे डॉक्टर आणि जन्माने ज्यू, आई पियानोवादक आणि दक्षिणेकडच्या प्रॉटेस्टंट घरातली. वडिलांचा ग्रंथसंग्रह मोठा होता आणि मुलीने कवी व्हावे अशी त्यांचीच इच्छा होती. जुन्या कवींच्या कविता ते तिच्याकडून उतरवून घेत आणि तिच्या वृत्तातल्या चुका काढत. १९५१ मध्ये, रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवी घेतली त्याच वर्षी, तिचा पहिला संग्रह येल विद्यापीठाच्या तरुण कवींसाठीच्या मालेत निवडला गेला. निवडणारा होता नामवंत कवी डब्ल्यू. एच. ऑडन. त्याने प्रस्तावनेत लिहिले की या कविता नीटनेटक्या आणि साध्या पोशाखातल्या आहेत, हळू बोलतात पण पुटपुटत नाहीत, वडीलधाऱ्यांचा मान राखतात पण त्यांना दबून नसतात, आणि थापा मारत नाहीत. आमच्या बैठकीत हे वाचून दाखवले तेव्हा एक जण म्हणाली, ‘ही तर स्थळ सांगून आलेल्या मुलीची शिफारस झाली की!’ खरोखरच, पोहे घेऊन बाहेर आलेल्या मुलीबद्दल आमच्याकडे याहून वेगळे काही बोलले जात नसे. ऑडनच्या मनात कौतुकच होते. पण त्या कौतुकाचा साचा कोणता, हे रिचला उमगायला पुढची दहा-बारा वर्षे लागली.

ती वर्षे संसाराची होती. १९५३ मध्ये तिने हार्वर्डमधले अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कॉनराड यांच्याशी लग्न केले, आणि तिशी गाठण्याच्या आत तिला तीन मुलगे झाले. १९५६ पासून ती प्रत्येक कवितेखाली साल घालू लागली. एरवी ही बाब किरकोळ वाटेल, परंतु कविता ही काळाच्या बाहेर लटकणारी, आपापली पूर्ण वस्तू असते, या तिच्या शिक्षणाच्या मुळावरच तो घाव होता. १९६३ मध्ये ‘स्नॅपशॉट्स ऑफ अ डॉटर-इन-लॉ’ हा संग्रह आला. नाव पाहा: सुनेची छायाचित्रे. मूल झोपले असताना, पहाटे, रात्री, तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली त्यातली याच नावाची दहा भागांची कविता तशीच तुकड्यातुकड्यांची आहे. एकसंध वृत्त मोडले आहे, मध्येच कुणाची तरी जुनी ओळ येते आणि तिचा उपहास होतो. प्रयोग म्हणून तिने वेगळे काही ठरवले असेल असे मला वाटत नाही. ज्या बाईला सलग वीस मिनिटे मिळत नाहीत तिच्या कवितेचा घाट तसाच होणार. पोळ्यांच्या कणकेचे हात पुसून वहीत दोन ओळी लिहिणाऱ्या माझ्या पिढीच्या बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र या कवितेविषयी तिने पुढे १९७१ च्या एका निबंधात जे कबूल केले त्याने मी उठून बसले. ती म्हणते की त्या वेळी ‘मी’ हे सर्वनाम वापरण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. कवितेतली बाई सगळीकडे ‘ती’च आहे. म्हणजे जिच्या भाषेतला ‘मी’ लिंगाने बांधलेला नाही, तिलासुद्धा तो उच्चारायला तीस वर्षे पुरली नव्हती. इकडे आपल्या बेळगावात इंदिरा संत होत्या. १९४६ मध्ये पती ना. मा. संत गेल्यावर मुलांना वाढवत, अध्यापिका प्रशिक्षणाचे काम करत त्या लिहीत राहिल्या, आणि त्यांच्या कवितेतला ‘मी’ इतका हळू आवाजात बोलतो की ऑडनला तो फार आवडला असता. हे मी अनादराने म्हणत नाही. त्या हळू आवाजाखाली किती ताण आहे ते ज्याला ऐकू येत नाही त्याने आपले कान तपासावेत. पण दोघींच्या वाटा इथे फुटतात: संतांनी तो आवाज अधिकाधिक पारदर्शक करत नेला, आणि रिचने तो फोडला.

फोडण्याची साधने तिने कुठून कुठून गोळा केली हेही पाहण्यासारखे आहे. गालिबच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने समीक्षक एजाज अहमद यांनी काही अमेरिकन कवींना गालिबच्या गझलांची शब्दशः भाषांतरे देऊन त्यांच्याकडून इंग्रजी रूपे करवून घेतली; त्यांत रिच होती. त्या कामातून १९६८ मध्ये तिने स्वतःच्या गझला लिहायला सुरुवात केली, आणि प्रत्येकीखाली तारीख घातली. यमक नाही, रदीफ (शेराच्या शेवटी पुन्हापुन्हा येणारा शब्द) नाही. तिने उचलले ते फक्त एवढेच की प्रत्येक शेर स्वतंत्र असावा आणि शेरांमधल्या मोकळ्या जागेतून अर्थाची वीज सरकावी. आपल्याकडच्या गझलप्रेमींना हे पटणार नाही. मलाही आधी ते अर्धवट वाटले होते. परंतु व्हिएतनामचे युद्ध, जळती शहरे आणि घरातला मोडत चाललेला संसार यांना एका सलग वाक्यात बसवणे खोटे ठरले असते, आणि शेराने तिला न जोडता शेजारी ठेवण्याची मुभा दिली, असे आता वाटते.

त्याच वर्षी ती न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात ‘सीक’ नावाच्या कार्यक्रमात शिकवू लागली. गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलामुलींना महाविद्यालयात टिकता यावे म्हणून त्यांना लेखन शिकवायचे हे काम होते. ऑड्री लॉर्ड आणि जून जॉर्डन या कवयित्रीही तिथे शिकवत. काम वरकरणी व्याकरणाचे होते. ही मुले घरी जी इंग्रजी बोलत ती ‘चूक’ होती आणि रिचने त्यांना ‘बरोबर’ इंग्रजी शिकवायची होती. त्या सुमारास लिहिलेल्या ‘द बर्निंग ऑफ पेपर इन्स्टेड ऑफ चिल्ड्रन’ या कवितेची सुरुवात अगदी घरगुती आहे: शेजाऱ्याचा फोन येतो की त्याच्या मुलाने आणि तिच्या मुलाने शाळेच्या शेवटच्या दिवशी परसात गणिताचे पुस्तक जाळले, आणि पुस्तक जाळण्याच्या कल्पनेने तो शेजारी हादरून गेला आहे. १७ मे १९६८ रोजी मेरीलँडमधल्या केटन्सव्हिल इथे फादर डॅनिएल बेरिगन आणि त्यांच्या आठ साथीदारांनी सक्तीच्या सैन्यभरतीचे कागद जाळले होते. शीर्षकाचा रोख तिकडे आहे, कारण दूरवर व्हिएतनाममध्ये जळत होती ती मुले. याच कवितेत ती मध्येच एका विद्यार्थ्याचा गरिबीवरचा परिच्छेद त्याच्या मोडक्यातोडक्या व्याकरणासह, एकही चूक न सुधारता घालते. आणि याच कवितेत ती म्हणते की ही जुलूम करणाऱ्याची भाषा आहे, तरी तुझ्याशी बोलायला मला तीच लागते.

आम्ही सीमाभागातली माणसे. हे वाक्य वाचले की आमचे बोट आपोआप एका दिशेला वळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, आणि तेव्हापासून तो दिवस आमच्याकडे काळा दिवस म्हणून पाळला जातो. काळे कपडे घालून निघणाऱ्या सायकल फेरीत मी स्वतः मैत्रिणींबरोबर गेले आहे. सातबाऱ्यापासून वीजबिलापर्यंतचा कागद आपल्या भाषेत मिळत नाही, हे दुःख खरे आहे आणि त्याविषयी मला शंका नाही. त्या शनिवारी माडीवरही पहिली दहा मिनिटे बोलणे तिकडेच गेले. मग निपाणीकडची आमची एक मैत्रीण, जिच्या आईने तंबाखूच्या वखारीत तीस वर्षे काढली, म्हणाली, ‘माझी आई सकाळी डबा घेऊन म्हणायची, मी चाललो वखारीला. आणि मला मॅट्रिकला मार्क पडले ते “चालले” लिहून. आईची भाषा कुणी मारली? कानडीनं मारली काय?’

उत्तर माझ्या हातात होते, लाल शाईच्या पेनाच्या रूपाने. आम्ही मराठीसाठी भांडत आलो, आणि जी मराठी टिकावी म्हणून भांडत होतो तिच्यात आमच्या आज्यांना जागा नव्हती. ‘बाईने असे बोलू नये’ हा धाक आम्हाला ‘मराठीत असे बोलत नाहीत’ या रूपात शिकवला गेला. तसे पाहिले तर आमच्या शेजारच्या कानडी बाई ‘नानु बंदे’ म्हणतात आणि त्यांचे यजमानही ‘नानु बंदे’च म्हणतात, कानडीत ‘मी’च्या क्रियापदाला लिंग नाही. भिंतीच्या त्या बाजूला जे सहज चालते ते या बाजूला अडाणीपणा ठरत होते.

रिचच्या कवितेत पाणबुडीचा पोशाख करून खाली उतरणारा हा ‘मी’ एकटा आहे. पाठीशी पथक नाही, मदतनीस नाहीत. आधी पुराणकथांचे पुस्तक वाचून झाले आहे, कॅमेरा भरला आहे, सुरीची धार तपासली आहे. तिला जहाजाची कथा नको आहे, प्रत्यक्ष जहाज पाहायचे आहे. शिडीवरून किड्यासारखे सरपटत उतरताना रबरी पंख पायात अडकतात, ही तपशिलाची ओळ मला फार प्रिय आहे, कारण मोठ्या गोष्टीला निघालेले माणूस तसेच बेंगरूळ दिसते. तळाशी पोचल्यावर मत्स्यकन्या आणि मत्स्यपुरुष दोघेही दिसतात, आणि तो ‘मी’ म्हणतो की मी ती आहे, मी तो आहे. इथवर आले आणि माझ्या खर्ड्यातले ‘उतरले’, ‘शिरले’ सारे एकदम लटके पडले. पहिल्या ओळीपासून बाई असलेल्या ‘मी’ने शेवटी ‘मी तो आहे’ म्हणणे म्हणजे सोंग झाले असते. पुरुषी ‘उतरलो’ घेतले तर कविता दुसऱ्याच्याच हाती गेली असती. एक आठवडा वही मिटून ठेवली. मग एका सकाळी जिना उतरताना गुडघा धरून माझ्याच तोंडून निघाले, ‘आलो, आलो’. तिशीनंतर कधी तरी आईसारखे बोलायला लागलो होतो, हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

आजीचा ‘आलो’ ऐकताना तो बाईचा आहे हे गावात सर्वांना कळते, आणि कागदावर तो पुरुषाचाही असतो. रिचला हवे होते ते नेमके हेच. आमच्या गावठी बोलीत ते तयार पडलेले होते. खर्डा मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

‘डायव्हिंग इन्टू द रेक’ याच नावाचा संग्रह १९७३ मध्ये निघाला आणि १९७४ मध्ये त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले, कवी ॲलन गिन्सबर्गसह विभागून. रिचने ते एकटीने घेतले नाही. ऑड्री लॉर्ड आणि ॲलिस वॉकर या त्या वर्षी नामांकन मिळालेल्या दोघींबरोबर तिने आधीच ठरवले होते की कुणालाही मिळाले तरी ज्यांचा आवाज ऐकू आलाच नाही अशा सर्व स्त्रियांच्या वतीने ते स्वीकारायचे, आणि तसे निवेदन तिने वाचून दाखवले. १९७६ मध्ये मातृत्वावरचे ‘ऑफ वुमन बॉर्न’ आले, ज्याच्या आरंभी तिने स्वतःच्या रोजनिशीतली नोंद देऊन मुलांविषयीचे प्रेम आणि संताप एकाच वाक्यात मांडले आहेत. त्याच वर्षी ‘ट्वेन्टी-वन लव्ह पोएम्स’ आल्या, एका बाईने दुसऱ्या बाईला उद्देशून लिहिलेल्या. जमैकात जन्मलेली लेखिका मिशेल क्लिफ तेव्हापासून अखेरपर्यंत तिची सहचारिणी होती. या कविता वाचल्या त्या शनिवारी माडीवर बराच वेळ कुणी बोलले नाही. एकीने उठून चहा ठेवला. चहा झाल्यावर सर्वांत वयस्कर बाई म्हणाल्या की यात अनोळखी काहीच नाही, आपल्या गावात अशा दोघी होत्या, त्यांना आपण ‘मैत्रिणी’ म्हणत होतो आणि विषय तिथेच ठेवत होतो.

रिचबद्दल माझी एक तक्रार होती, ती तिनेच दूर केली. सत्तरीच्या दशकातल्या लेखनात ती ‘आपण स्त्रिया’ असे इतक्या सढळपणे म्हणते की वखारीतली बाई आणि बाल्टिमोरच्या डॉक्टरांची मुलगी एकाच पिशवीत जातात. पण जून १९८४ मध्ये हॉलंडमधल्या उट्रेख्त इथे दिलेल्या व्याख्यानात तिने स्वतःलाच पकडले. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फने १९३८ मध्ये म्हटले होते की स्त्री म्हणून मला देश नाही. रिच म्हणाली, मला आहे. त्याच्या सरकारचा धिक्कार करून तो अंगावरून झटकता येत नाही. लहानपणी पुस्तकावर पत्ता लिहिताना आपण घर, रस्ता, शहर, राज्य, देश, पृथ्वी, विश्व असे वाढवत गेलो, याची आठवण सांगून ती उलट दिशेने निघते आणि आपल्या शरीरापाशी येते: ते गोरे होते, ज्यू होते, आणि गोऱ्यांचा आणि काळ्यांचा वॉर्ड वेगळा असलेल्या रुग्णालयात जन्मले होते.

पत्त्याचा हा खेळ आमच्यासाठी खेळ नव्हता. माझ्या पहिलीच्या पाटीवर राज्य म्हैसूर होते, १९७३ नंतर ते कर्नाटक झाले. काका पत्रावर हट्टाने महाराष्ट्र लिहीत. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक होता, तो २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून हटवला गेला, आणि त्याच वर्षी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. आजी मुंबई इलाख्यात जन्मली, म्हैसूर राज्यात म्हातारी झाली आणि कर्नाटकात वारली, आणि या सबंध काळात ती माहेर आणि सासर या दोन कोसांपलीकडे फारशी गेली नाही. राज्य बदलताना तिला कुणी विचारले नाही हे आमच्या सभांतून पुष्कळदा सांगितले गेले. त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या वर्षी, तिचे नाव आणि घर बदलले तेव्हाही तिला कुणी विचारले नव्हते. ते सांगायला सभा भरली नाही. रिचच्या व्याख्यानाने मला या दोन गोष्टी एका दमात उच्चारता आल्या, नाहीतर एक उच्चारली की दुसरीशी गद्दारी होते असेच आम्हाला वाटत आले होते.

पुढचे थोडक्यात. सांधेदुखीचा जुनाट विकार तिला तरुणपणापासून होता आणि त्याने तिला शेवटपर्यंत सोडले नाही. १९९७ मध्ये अमेरिकन सरकारने देऊ केलेले राष्ट्रीय कला पदक तिने नाकारले. सत्तेच्या जेवणाच्या मेजावरची शोभा होऊन राहिली तर कलेला अर्थ उरत नाही, असे तिने कळवले. २७ मार्च २०१२ रोजी कॅलिफोर्नियात सांताक्रूझ इथे ती गेली.

माझे भाषांतर एका मासिकाने स्वीकारले. गेल्या आठवड्यात त्याची मुद्रिते आली. संपादकांनी किंवा मुद्रितशोधकांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा प्रत्येक ‘उतरलो’, ‘पाहिलो’, ‘आलो’ लाल गोल करून स्त्रीलिंगी केला आहे, आणि समासात अत्यंत सौजन्याने लिहिले आहे: ‘बाई, इथे टंकलेखनात चूक झालेली दिसते.’ अक्षर सुरेख आहे, माझ्या शाळेतल्या बाईंच्या अक्षरासारखे. ‘पाहिलो’ मात्र त्यांचे बरोबर होते. तिथे कर्त्याला काही बोलायला वावच नाही, म्हणून तो एक ‘पाहिले’ मी मान्य केला. बाकीच्या सतरा ठिकाणी शब्दाखाली टिंबे देऊन समासात ‘तसेच ठेवावे’ असे लिहिले आणि मुद्रिते सोमवारी टपालात टाकली. पाठवणाराचा पत्ता लिहिताना राज्याच्या जागी थोडी थांबले, मग पिनकोड घातला.